फवाऱ्याआधी भिंग

घरातल्या फुलझाडांवरच्या किडींविषयीचे पुस्तक कोणी सवड मिळाली म्हणून उघडत नाही. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरे काहीतरी साचलेले असते, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच जांभळट पडून गळत असतात, गुलाबाची पाने धूळ बसल्यासारखी निस्तेज झालेली असतात आणि झाडाच्या मालकाला घाई असते. त्याला औषधाचे नाव हवे असते, तेही शक्यतो एकच आणि सगळ्यांवर चालणारे. तसे नाव या पुस्तकात नाही. का नाही, हे सांगायचे म्हणूनच ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

औषधांची नावे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. रोपवाटिकेतला माणूस एक पुडी देतो, सोसायटीचा माळी पंपात उरलेले फवारून जातो, शेजारच्या काकू हळदीचे पाणी सुचवतात, गावाहून आलेला भाऊ शेतातली अर्धी बाटली घेऊन येतो. यांतले काही ना काही कधीतरी लागूही पडते. पण ते का लागू पडले आणि पुढच्या महिन्यात त्याच कुंडीवर तेच का चालले नाही, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण समोर कोणती कीड होती हे कोणी पाहिलेलेच नसते. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे बरीच कीटकनाशके त्याला बाधत नाहीत. फुलकिडे अंडी घालतात ती पानाच्या आत आणि कोषावस्थेत जातात बहुधा मातीत, म्हणजे फवारा जिथे पडतो तिथे त्यांचे अर्धे कुटुंब नसतेच. खवले किडीच्या पाठीवर कवच असते. मोगऱ्यावरची अळी कळीच्या आत बसून जेवते. या चौघांना एकाच बाटलीने कसे आवरायचे?

त्याआधी आणखी एक प्रश्न आहे. घरातल्या झाडावर कीड इतकी का माजते? अंगणातल्या जास्वंदीवरही मावा येतो, पिठ्या ढेकूण येतो. पण अंगणात त्यांना दोन वैरी असतात. एक पाऊस. मृगाची जोरदार सर शेंड्यावरचा मावा झोडपून खाली पाडते, पानांवरची धूळ धुऊन नेते आणि कोळ्यांना नकोसा असलेला ओलावा आणते. दुसरे वैरी म्हणजे किडी खाणारे कीटक. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या, क्रायसोपाच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, शिवाय किडीच्या अंगातच अंडे घालणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या. खिडकीच्या ग्रिलमधली, छज्ज्याखालची किंवा काचेआडची कुंडी या दोघांनाही पारखी झालेली असते. तिथे किडीला अन्न आहे, ऊब आहे, आसरा आहे आणि मारणारे कोणी नाही.

मारणारे असले तर काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. मूळची मध्य अमेरिकेतली, पपईवरच्या पिठ्या ढेकणाची जात २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळली आणि पाहता पाहता दक्षिणेतल्या व महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांत शिरली. तुती आणि जास्वंदही तिने सोडली नाही. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, पण मेणाच्या आवरणाखालच्या किडीला त्यांचे फारसे काही वाटले नाही. २०१० मध्ये ‘असेरोफॅगस पपायी’ नावाची चिमुकली गांधीलमाशी प्वेर्तो रिकोहून आणण्यात आली. आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगळूरच्या संस्थेच्या पुढाकाराने ती वाढवून बागांत सोडण्यात आली आणि ही कीड आटोक्यात आली. ‘आटोक्यात’ म्हणजे नाहीशी नव्हे. ती आजही आहे, पण बाग बुडवण्याइतकी नाही.

तीन कुंड्यांच्या खिडकीत असा मित्रकीटक आणून सोडता येत नाही. त्याला पुरेल इतकी शिकार तिथे नसते, आणि ती संपली की तोही उडून जातो किंवा मरतो. म्हणजे घरात पावसाचे आणि ढालकिड्याचे काम कोणीतरी करायचे उरते, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण. या पुस्तकाचे सगळे म्हणणे एवढेच आहे. ढालकिडा काय करतो? रोज झाडावर फिरतो, पानाच्या पाठीमागे जातो, किडीपाशी पोहोचतो आणि थोडी असतानाच तिला उचलतो. पाऊस काय करतो? ठरलेल्या वेळी येऊन सगळे धुऊन काढतो. नियमित पाहणे, जवळून पाहणे, लवकर उचलणे आणि धुणे ही चार कामे जमली तर औषधाची गरज पुष्कळ कमी होते. त्यांतले पाहणे आधी यायला हवे, म्हणून पुस्तकाचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग ओळखीचा आहे.

ओळखीसाठी कीटकशास्त्राची पदवी लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक पांढरा कागद आणि सकाळचा उजेड पुरतो. इथली पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे. कीड झाडाच्या कोणत्या भागावर आहे? तिने मागे काय सोडले आहे? आणि तिला डिवचले की ती काय करते?

शेंड्यावर, कळीच्या देठावर दाटीवाटीने बसलेले, मऊ अंगाचे, डिवचले तरी फारसे न हलणारे असेल तर तो मावा. गुलाबावर तो बहुधा हिरवा किंवा गुलाबी, शेवंतीवर काळपट तपकिरी. आपल्या हवेत माव्याची मादी बहुतेक वेळ नराशिवायच आणि अंडी न घालता थेट पिल्ले देते. उबदार दिवसांत ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः विऊ लागतात. ‘परवापर्यंत काहीच नव्हते’ असे माव्याबद्दल जे म्हटले जाते ते जवळजवळ खरेच असते. पानाच्या बेचक्यात किंवा फांदीच्या सांध्यात पिंजलेल्या कापसाचे बोंडूक दिसले तर तो पिठ्या ढेकूण. खोडाचाच भाग वाटणारे तपकिरी, करडे किंवा पांढरट टिपके नखाने खरवडून निघाले तर खवले कीड. फांदी हलवताच पांढरे कण भुर्रकन उडाले आणि पुन्हा पानाखाली येऊन बसले तर पांढरी माशी. यांच्यातली सर्पिल पांढरी माशी भारतात १९९३ मध्ये केरळात प्रथम नोंदली गेली. ती पानाच्या पाठीवर मेणाची गोल गोल नक्षी काढून तिच्यात अंडी घालते, आणि ती नक्षी पाहून लोक बुरशीनाशक आणायला धावतात.

ही सगळी मंडळी झाडाचा रस शोषतात. रसात साखर भरपूर असते आणि प्रथिने थोडी, म्हणून पुरेशी प्रथिने मिळेपर्यंत ती रस पीत राहतात आणि जादाची साखर खाली टाकतात. तोच पानांवरचा चिकटा. काही कवचधारी खवले किडी सोडल्या तर सगळ्यांच्याच खाली तो सापडतो. चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसते. ओल्या फडक्याने काजळी पुसली जाते, पण प्रश्न सुटत नाही. कीड असते त्याच्या वरच्या पानाच्या पाठीमागे. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा, ती बरोबर किडीपाशी नेऊन सोडते. चिकट्याच्या मोबदल्यात मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना पिटाळून लावतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त हा किडीच्या बंदोबस्ताचाच भाग आहे.

चिकटा नाही, पण पानावर टाचणीने टोचल्यासारखे पिवळे ठिपके आहेत, पान हळूहळू निस्तेज, राखट होते आहे, तर कोळ्यांचा संशय घ्यावा. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर रेघ उमटली तर शंका फिटली. जाळे दिसण्याची वाट पाहू नये. जाळे दिसते तेव्हा कोळ्यांच्या काही पिढ्या होऊन गेलेल्या असतात. त्याच कागदावर कोळ्यांपेक्षा लांबट, काडीसारखे, चपळ काहीतरी पडले तर ते फुलकिडे. पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांत काळे चकचकीत ठिपके ही त्यांची खूण. गुलाबाची कळी अर्धी उमलून थांबते, पाकळ्यांच्या कडा करपतात. पांढऱ्या आणि पिवळ्या गुलाबांवर हे अधिक उठून दिसते.

पान कुरतडलेले असेल तर आधी खाली पाहावे. फरशीवर गोळीसारखी विष्ठा पडली असेल तर अळी बरोबर त्याच्या वर आहे. अडेनियमची किंवा तगरीची पाने रातोरात नाहीशी झाली, तर पाठीवर निळे डोळे काढलेली बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधावी. कण्हेरीवरच्या एका देखण्या पतंगाची ती अळी. ती हाताने उचलून लांब सोडली की उपचार संपला. मोगऱ्याच्या कळ्या मात्र फोडूनच पाहाव्या लागतात. कळीला बारीक भोक असून आत हिरवट अळी निघाली तर कळी पोखरणारी अळी. कळीचा बुडखा सुजलेला असून आत अगदी बारीक किडे वळवळत असतील तर कळीमाशी. दोन्हींत किडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकणे हाच पहिला उपाय. त्या कुंडीत पडू दिल्या तर पुढची पिढी तिथल्याच मातीतून वर येते.

ओळखीच्या या भागात एक प्रकरण निरपराधांसाठी राखून ठेवले आहे, कारण घरोघरी सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावर होतो. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे सुबक अर्धगोल दिसतात, ते पानकापी मधमाशीचे काम. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर म्हणून तुकडे नेते. झाडाला त्याने काही होत नाही, फवारणीने मात्र ती मरते. क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला ढालकिडा पिठ्या ढेकणाचा नामांकित शत्रू, आणि द्राक्ष बागायतदारांच्या चांगला परिचयाचा. पण त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींनी अशी सजलेली असते की ती मोठा पिठ्या ढेकूणच वाटते, आणि लोक नेमके तिलाच आधी चिरडतात. फरक चालीत आहे. पिठ्या ढेकूण रेंगाळतो, ही अळी लगबगीने फिरते. मोगऱ्याच्या पानावर पांढरी लव उगवते, ती बुरशी नसून अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे पानाला आलेली विकृती असते. उलट गुलाबाच्या पानावरचे पांढरे पीठ बहुधा भुरी, म्हणजे खरोखरच बुरशी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर कीड शोधतच बसू नये, झाडाला लोह मिळत नाही.

कीड आणि ऋतू यांचे नाते ओळखले की अर्धे पाहणे आपोआप नेमके होते. दिवाळीनंतर गारवा आणि अधूनमधून ढगाळ हवा सुरू झाली की माव्याचे दिवस. शिमग्यापासून कोरडी उष्णता वाढते, तेव्हा कोळी आणि फुलकिडे. पिठ्या ढेकूणही याच काळात फोफावतो. पावसाळ्यात पाने कुरतडणाऱ्या अळ्या, गोगलगायी, आणि सतत ओल्या राहणाऱ्या कोकोपीटवर घिरट्या घालणाऱ्या काळ्या चिलटांचा त्रास. ही चिलटे म्हणजे पाणी जास्त होत असल्याची तक्रार समजावी. वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकू दिली की ती कमी होतात. प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत खवले कीड आणि पांढरी माशी अधिक पिडतात, नागपूर-संभाजीनगरच्या उन्हाळ्यात कोळी. झाडाला हौसेने ओंजळभर युरिया घातला की रसाळ, कोवळी फूट येते आणि मावा तिचीच वाट पाहत असतो, हे मात्र सर्वत्र सारखे.

बहुतेक कीड घरात उडत येत नाही, आपण विकत आणतो. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यालगत पसरलेल्या रोपवाटिकांमधून काय किंवा आठवडे बाजारातून काय, आलेले नवे झाड दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे आणि रोज उलटेसुलटे करून पाहावे. ही एक सवय पुढच्या सगळ्या प्रकरणांची गरज निम्मी करते.

उपायांच्या भागात क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यात सौम्य ते कडक अशी चढण आहे आणि पहिली पायरी गाळून दुसरीवर जाता येत नाही. पहिली पायरी पाणी. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून झाड न्हाणीघरात आडवे धरायचे आणि पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार झोत मारायचा. माव्यासाठी आणि कोळ्यांसाठी एवढे बरेचदा पुरते, मात्र दर तीन-चार दिवसांनी करावे लागते. दुसरी पायरी हात. पिठ्या ढेकूण थोडा असताना कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपावा, किडलेला शेंडा छाटावा. तिसरी साबण. कीडनाशक म्हणून मिळणारा पोटॅशियम साबण वेष्टणावरच्या प्रमाणात, किंवा तो नसेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण. साबण किडीच्या अंगावर ओला असेतोच काम करतो, वाळल्यावर नाही, म्हणून पाठपोट भिजवणे हेच त्याचे मर्म. चौथी कडुनिंब. लिटरला ५ मिलिलिटर निमतेल आणि ते पाण्यात मिसळण्यासाठी थोडा साबण, किंवा ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून गाळलेली. कडुनिंबातले ॲझाडिरॅक्टिन किडीला तिथल्या तिथे मारत नाही. तिची भूक मारते, कात टाकण्यात अडथळा आणते. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून निराश होऊ नये. हे द्रव्य उन्हात लवकर विघटित होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी.

या सगळ्या उपायांत अंडी बहुधा वाचतात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीन फवारण्या झाल्याशिवाय उपाय फसला असे म्हणता येत नाही. एकदाच फवारून ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. फर्न आणि काटेरी युफोर्बिया अशा काही झाडांना साबण सोसत नाही, म्हणून आधी दोन पानांवर लावून दोन दिवस थांबावे. कोळ्यांवर पाण्यात विरघळणारे गंधक चांगले, पण भर उन्हाळ्यात आणि तेलाच्या फवारणीपाठोपाठ ते वापरले तर पाने भाजतात. पिवळे चिकट कार्ड पांढऱ्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. त्यांनी कीड संपत नाही, ती आली आहे हे वेळेवर कळते.

आता शेतातल्या अर्ध्या बाटलीविषयी. कीटकनाशकांच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे काहीही राहत्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, लहान मुले आणि मांजर फिरते त्या बाल्कनीत उघडू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या शिवारात. बंद खोलीत जास्वंदीच्या एका कुंडीसाठी ती जोखीम कशाला? एकेकाळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर भारतात बंदी आली आहे, तरी जुन्या बाटल्या माळ्यावर सापडतात. डास-झुरळांच्या फवाऱ्याने झाडावरची कीड मारू पाहणारेही अनेक. त्यातल्या द्रावकाने कोवळी पाने करपतात. तंबाखूचे पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे वापरले जाते, पण निकोटीन हे माणसालाही विषच आहे, आणि तंबाखूतला विषाणू पेटुनियासारख्या त्याच कुळातल्या फुलझाडाला लागू शकतो. यात एक उलटा परिणामही आहे. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके वारंवार मारली की भक्षक मरतात, कोळी टिकतात आणि आधीपेक्षा जास्त माजतात. झाडात भिनणारी काही औषधे फुलांच्या मधातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्यावरचा वापर थांबवला तो मधमाश्यांसाठी. आपली कुंडी फुलांची आहे हे विसरून चालणार नाही.

काही वेळा योग्य उपाय म्हणजे झाड टाकून देणे. आफ्रिकन व्हायोलेटचा गाभा आखडून केसाळ झाला असेल, किंवा कुंडी उपडी केल्यावर मुळांच्या गुंत्यात पिठ्या ढेकूण भरलेला दिसला आणि झाडही थकलेले असेल, तर ते पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे, कंपोस्टच्या डब्यात नाही. एका झाडाच्या मायेपोटी दहा झाडे पणाला लावू नयेत.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला ओळखीचा. दुसरा झाडांप्रमाणे लावलेला आहे, गुलाब, जास्वंद, मोगरा, शेवंती, अनंत, अडेनियम, ऑर्किड, अँथुरियम अशा क्रमाने. घाईत असलेल्याने आपले झाड तिथे शोधावे, पण त्यातून पहिल्या भागाकडे परत जावे. तिसरा उपायांचा, प्रमाणे आणि खबरदारी यांसह. मोठ्या बागेची, शेडनेटची किंवा फुलशेतीची गणिते वेगळी असतात, ती इथे घेतलेली नाहीत.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. एक साधी वही करावी. तारीख, झाड, कुठे काय दिसले, काय केले आणि आठवड्याने काय झाले, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. रत्नागिरीच्या पडवीत आणि नाशिकच्या गच्चीत एकच कीड वेगवेगळ्या महिन्यांत येते. पूर्वेच्या खिडकीतला गुलाब आणि पश्चिमेच्या खिडकीतला गुलाब यांच्याही तक्रारी निराळ्या असतात. इतके बारकावे कोणत्याही पुस्तकात मावत नाहीत. वर्षभर नोंदी झाल्या की आपल्या खिडकीत मावा कोणत्या आठवड्यात येतो हे वही सांगेल, आणि मग पाण्याचा झोत त्याच्या आधी दोन दिवस सुरू करता येईल. पुस्तकातली माहिती आणि वहीतली नोंद यांत विरोध आला तर भिंग घेऊन पुन्हा झाडापाशी जावे, आणि तरीही नोंद खरी ठरली तर या पुस्तकाच्या समासात तशी दुरुस्ती करून ठेवावी.